म्हाताऱ्यांची पाटी

भाईंदरच्या कोळीवाड्यात पंच म्हणून बसायला लागलो तसे किस्से साठत गेले. लोक हसतात म्हणून मीही सांगत सुटतो. पण हे पाटीचे किस्से सांगताना हल्ली मी हसत नाही.

खाडीवर होड्या लागल्या की लिलावाआधी प्रत्येक होडीतली ओंजळभर मासळी एका पाटीत, म्हणजे वेताच्या टोपलीत, पडायची. ती विधवांची आणि थकलेल्यांची. नियम एकच, होडीला हात लावणाऱ्याला पाटीतला वाटा नाही. जनाआजीला मागेपुढे कोणी नव्हतं, तिचं रात्रीचं कालवण या पाटीतूनच व्हायचं.

*

सत्तर सालाच्या सुमारास आमची पोरं मॅट्रिक झाली. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नावं घालून नोकरीच्या कॉलची वाट बघत बसली. कोळीवाड्याच्या मिटिंगमध्ये ठरलं, नोकरी लागेपर्यंत त्यांनाही वाटा द्यायचा. टाळ्या पडल्या! पाटी मात्र तेवढीच राहिली.

*

पहिल्या दिवशी पोरं इस्त्रीचे कपडे घालून वाटा घ्यायला आली. मुख्य पंच नानांनी आपल्याच मुलाला, मोरेश्वरला, विचारलं, "इंटरव्ह्यूला चाललास काय?"

"उद्या कॉल आला तर मासळीचा वास घेऊन जाऊ काय?" मोरेश्वर म्हणाला.

सगळे हसले. नानाही हसले.

*

एकदा नानांच्या हातून दोर निसटला आणि होडी वाहायला लागली. मोरेश्वर काठावरच होता, पण जागचा हलला नाही. नानांनी हाका मारल्या तेव्हा म्हणाला, "हात लावला तं वाटा जाईल, बाबा. नियम तुमचाच हाय."

त्या रात्री नाना जेवले नाहीत.

*

जनाआजीचा वाटा आटत आटत दोन बारक्या बोयट माशांवर आला. तिने कधी तक्रार केली नाही. मोरेश्वर दिसला की मायेने विचारायची, कॉल आला काय रे? मला तिच्याकडे बघवत नसे.

*

मग एका ओहोटीला नानांची होडी भरल्या मासळीनिशी चिखलात रुतली. नाना आणि खलाशी ढकलत होते, पण ती थोडक्यासाठी अडली. पोरं काठावर हात मागे बांधून उभी. जनाआजीने लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली.

मी म्हणालो, "आजे, हात लावू नको. वाटा जाईल तुझा."

तिने होडीला खांदा लावला. "होडीच न्हाय आली तं पाटीत काय परणार हाय?"

होडी निघाली. पाटी भरली. आम्ही पंच बसलो आणि नियमाप्रमाणे वाटे घातले.

त्या दिवशी मोरेश्वरच्या पिशवीत दोन बोयटं जास्त पडली.