आबांचं बोटभर ऑर्किड

आबा पेन्शनवर घरी आले तेव्हा मी दहावीत होते. आमच्या सातारा तालुक्यातल्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे निवृत्त हवालदाराच्या ट्रंकेत काय असतं ते सगळ्या आळीला पाठ होतं. एखादा ट्रान्झिस्टर, कांबळी, कँटीनमधल्या दोन बाटल्या. आबांच्या ट्रंकेत मात्र लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला वीतभर सालीचा तुकडा निघाला आणि त्याला चिकटलेलं एक बोटभर झाड. पाच-सहा जाडसर पानं आणि खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळं, एवढंच. शेवटची दोन वर्षं ते पूर्वेकडच्या डोंगरात होते, तिथून ते आणलेलं. तिकडचे साहेब लोक त्याला ऑर्किड म्हणायचे, म्हणून आबाही म्हणायचे. गाव त्याला बांडगूळ म्हणायचं.

शेजारचे काका तर तोंडावरच म्हणाले की आंब्यावरचं बांडगूळ आम्ही कोयत्याने उतरवतो आणि हा गडी आगगाडीतून घेऊन आला. आबांनी समजावून पाहिलं. बांडगूळ दुसऱ्याचा रस पितं, हे नुसतं टेकून बसतं, हवेतलं पाणी पिऊन जगतं. कुणाला पटलं नाही. मलाही नाही पटलं, पण माझं कारण वेगळं होतं.

मला त्या झाडाचा मत्सर वाटायचा. मत्सरच, त्याला आता सौम्य शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. वर्षातले दोन महिने सुट्टीवर येणारा बाप मी पंधरा वर्षं पाहिला होता. दर वेळी मी आठवडाभर आईच्या पदरामागे लपायचे, आणि जरा ओळख होते न होते तोवर त्यांची बॅग भरलेली असायची. पेन्शन झाल्यावर ते कायमचे आले, तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. बोलायचे, पण त्या झाडाशी. पहाटे उठायचे, न्हाव्याकडून मागून आणलेल्या फवाऱ्याच्या बाटलीत पिंपातलं पावसाचं पाणी भरायचे आणि पानांवर तुषार उडवत काहीतरी पुटपुटायचे. उन्हाळ्यात त्याच्याभोवती ओलं गोणपाट. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मार्क ऐकून ते "बरं" म्हणाले आणि गोणपाट भिजवायला गेले. त्या दिवशी मी जेवले नाही. आईने कारण विचारलं, मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

झाडाने मात्र त्यांना काही दिलं नाही. सहा वर्षांत चार पानं वाढली असतील. फूल नाही. आबांनी उन्हाळ्यात पाणी तोडून पाहिलं, हिवाळ्यात तोडून पाहिलं, उजेडाची जागा दहादा बदलली. फुललेलं ते झाड घरातल्यांपैकी फक्त त्यांनीच पाहिलेलं होतं, तिकडे, डोंगरात. कसं दिसतं म्हणून विचारलं की म्हणायचे, आलं की बघशील. मग मी विचारणंच सोडलं.

माझं लग्न झालं ते सांगली जिल्ह्यात, तासगावकडच्या द्राक्षबागायतदार घरात. लग्नाला पाचवा महिना चालू असताना आबांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, सोबत आई जाणार, घराला कुलूप लागणार. आणि नेमकी त्याच आठवड्यात त्या झाडाच्या बुडाशी मोहरीएवढी कळी दिसली.

आबा स्वतः घेऊन आले. तसलं हृदय घेऊन एसटीने, कराडला गाडी बदलून, मांडीवर बुटाचा खोका धरून. खोक्याला सुईने भोकं पाडलेली. ते टेकले नाहीत, आधी खोका माझ्या हातात दिला. "गावात देऊ कुनाला? फेकून देतील. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाले. सोबत वहीच्या कागदावर पाच ओळींची चिठ्ठी. पाणी पावसाचंच, विहिरीचं नको. नवाच्या पुढचं ऊन नको. हात लावू नये. वारा लागू द्यावा. शेवटची ओळ, औषध अजिबात नको.

उभ्या जन्मात त्यांनी मला काही सोपवलं ते हे पहिलंच. मला रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला, की सोपवलं तेही हेच.

ते झाड मी परसात, न्हाणीघराच्या खिडकीला तारेने टांगलं. दिवस ऑक्टोबर छाटणीनंतरचे. द्राक्षाचे नवे फुटवे बाहेर पडत होते, आणि आभाळ रोज भरून यायचं. आमच्याकडे या दिवसांत घरातली माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. पावसाची सर आली की पानावर दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग, पडतो आणि वर्षाचं पीक हातचं जातं, त्या धास्तीने सगळे आभाळाकडे बघत जेवतात. दहाव्या दिवशी आबांच्या झाडाच्या दोन पानांवर तपकिरी ठिपके दिसले. कळी तोवर हरभऱ्याएवढी झाली होती.

मी ते जेवताना बोलून गेले. मुद्दाम नाही, सहज. निदान मी स्वतःला सहज असंच सांगत आले आहे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, फार चांगला माणूस. बागेत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सुनेच्या माहेरची ठेव आपल्या घरी आजारी पडली हे त्यांच्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतलं काम टाकून ते परसात आले, पाठीवर पंप, हातात बोर्डो या बुरशीवरच्या औषधाची बादली. मोरचूद आणि चुना घरीच कालवलेला. त्यांची एक पद्धत होती: द्रावणात विळ्याचं पातं बुडवायचं, त्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला समजायचं. त्या बोटभर झाडासाठीही त्यांनी विळा बुडवून पाहिला, उन्हात धरून निरखला. म्हणाले, लेकरू हाय, निम्मंच कडक केलंय.

मी धुणं पिळत चार हात अंतरावर उभी होते. चिठ्ठी आत कपाटात, साडीच्या घडीत. पाचवी ओळ मला पाठ होती. "मामंजी, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. पाच महिन्यांची सून सासऱ्याला औषधाबाबत काय शिकवणार, असं मी नंतर पुष्कळ वेळा मनाशी घोळवलं. पण आमच्या घरात सून बोलली म्हणून कुणी डोळे वटारत नव्हतं. मी नुसती बघत राहिले. झाड वरपासून खालपर्यंत निळसर झालं.

चौथ्या दिवशी कळी काळी पडली. आठवड्यात पानं पिवळी होऊन एकेक गळायला लागली. द्राक्षाला जे अमृत ते याला विष होतं. मामंजींनी दोनदा येऊन पाहिलं आणि पुढे परसात यायचंच टाळू लागले. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. साताऱ्यात ते निदान जगत तरी होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आबांचा फोन आला. गावातला फोन दूध डेअरीत, आणि वेळ दूध घालायची. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं, दुधाचं फॅट तपासणारा, सगळ्यांचे कान माझ्याकडे. आबांनी तब्येतीचं काही सांगितलं नाही. विचारलं, "उमाललं का?"

उद्या सकाळी ज्याची छाती उघडणार आहेत, त्याला काय सांगायचं? मी म्हटलं, व्हय, उमाललं. मला वाटलं, झालं, इथे संपलं. तर ते म्हणाले, "रंग कंचा?"

मी समोर बघितलं. समोर दुधाची किटली होती. मी म्हटलं, "पांढरा."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तेही म्हणाले, चांगलं केलंस, माणूस समाधानाने आत जाईल. त्या एका शब्दाने झाडाचं सगळं फिटलं असं मी धरून चालले. ऑपरेशन व्यवस्थित झालं, तेव्हा तर माझी खात्रीच झाली की त्यात माझाही थोडा हात आहे.

दीड महिन्याने आबा आणि आई आमच्याकडे आले. आबा निम्मे झाले होते. मामंजींनी दारातच हात जोडले आणि आपण फवारल्याचं सांगून टाकलं. चूक माझी, पोरीकडे बोट नाही, म्हणाले. आबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, असू द्या पाव्हणं. मग दोघं बाग बघायला गेले. दोन दिवस आबांनी मला काही विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं. ते पाणी मागायला आले तरी मी तांब्या टेकवून आत पळायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परसात धुणं धूत होते. आई आत पिशव्या भरत होती. आबा येऊन भिंतीलगतच्या दगडावर बसले. खिडकीला तारेने टांगलेला तो सालीचा तुकडा तसाच होता.

"त्याचं फूल केशरी असतंय," आबा म्हणाले.

माझे हात थांबले.

"पांढरं म्हनलीस तवाच कळलं, झाड गेलं. त्याचं काय न्हाई, झाड हाय, मरतंय. पन फोन ठेवून खाटंवर गेलो, तर डाक्टर आला. म्हनला, काय काळजी नगं, समदं झ्याक हुईल. मला वाटलं, ह्यो बी पांढरंच सांगतोय." बोलताना त्यांना दम लागत होता. "सकाळी आत नेलं, तवा परत यीन म्हनून न्हाई गेलो मी."

ज्या एका वाक्यावर मी दीड महिना समाधानी होते, त्या वाक्याने त्यांना एकट्याला मरायला पाठवलं होतं. साबण हातातून निसटून मोरीत गेला, तो काढायचंही सुचलं नाही.

"आता खरं सांग," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मेलं, का तू मारलंस?"

मामंजींनी आपलं नाव स्वतःच पुढे केलं होतं. मला फक्त ते उचलायचं होतं, आणि तोंडापर्यंत आलंही होतं.

"मी मारलं न्हाई, आबा. पन मामंजी पंप घेऊन आलं तवा मी थांबवलं बी न्हाई. तुमची चिठ्ठी मला तोंडपाठ हुती. मला त्या झाडाचा राग यायचा."

"कवापास्नं?"

"तुमी घरी आल्यापास्नं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"हे खरं बोललीस," ते म्हणाले.

मग ते उठायला लागले. मी ओला हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. भिंतीला धरून सावकाश उठले आणि आत गेले.