गिटारवरच्या फुल्या

आता हे तुम्हाला सांगू की नको, असं झालंय. पण चहा आलाच आहे, तर ऐका.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि घरी परसात इलेक्ट्रिक गिटार बनवत होतो. हसू नका! विकतची कोणीही वाजवतं, मी स्वतः करून वाजवणार, असं शिक्षकांच्या खोलीत बोलून बसलो होतो. मुख्याध्यापकांनी लगेच स्नेहसंमेलनात माझं नाव घातलं. आता माघार कशी घेणार?

सागवानाची फळी कापून आकार झकास जमला. आवाज उचलणारे पिकअप बसवायला दोन खळगे कोरले, बटणांसाठी भोकं पाडली. आणि शेवटचं भोक पडलं ते नेमकं तारा जिथे टेकणार तिथे! गणिताचा मास्तर आणि मापात चुकला. शाळेत कळलं असतं तर?

भोक बुजवायला फळी महादेव सुताराच्या दुकानात नेली. हा माझाच जुना विद्यार्थी. संमेलन तोंडावर आलेलं आणि मला त्याच दुपारी लग्नासाठी आजऱ्याला जायचं होतं. महादेव जागेवर नव्हता. म्हटलं, गोंधळ नको, खडूने खुणा करून ठेवू. आता चुकलेल्या भोकावर खूण कोण करणार? आपली चूक आपणच कशाला मिरवायची? म्हणून जे बरोबर होतं, त्या सगळ्यावर मी ठळक फुल्या मारल्या. फुली म्हणजे, बाबा रे, इथे हात लावू नकोस. किती सोपं!

वाटेत महादेव चहाच्या टपरीवर भेटला. त्याला सांगितलं, खडूच्या खुणा बघ, चुकलंय तेवढं बुजव आणि पॉलिश मारून ठेव. एवढं बोलून मी एसटी गाठली.

परत आलो तर गिटार चकाचक. हात फिरवला तर काय! पिकअपचे खळगे गायब, बटणांची भोकं गायब! सागवानाचे तुकडे असे घट्ट बसवलेले की जोडही दिसेना. उघडं राहिलं होतं फक्त एक भोक. कुठलं, ते सांगायला हवं का?

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"तुम्ही सांगितलं तसंच केलंय की, सर," महादेव शांतपणे म्हणाला. "फुली हाय तिथं बुजवलं."

"फुली म्हणजे हात लावायचा नाही!"

त्याने जरा कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "सर, सातवीत दोन वर्सं काढली मी तुमच्याकडं. एक गणित फुलीबिगर माघारी आलं न्हाई. फुली म्हंजे चूक, एवढं तर ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

मी फळी काखोटीला मारली आणि गुपचूप घरी आलो.

संमेलनात मी पेटी वाजवली. आणि शिकवलेलं पोरांच्या डोक्यात राहत नाही, ही माझी वर्षानुवर्षांची ओरड त्या दिवसापासून बंद केली.