डोक्यावर ठिपके नसलेला पिंगळा

गेल्या ऑक्टोबरमध्ये, वन्यजीव सप्ताहात, आमच्या दैनिकाच्या जळगाव आवृत्तीचं एक पान वीस मिनिटं उशिरा सुटलं. पान सुटणं म्हणजे तयार होऊन छपाईला जाणं.

पानावर धोक्यात आलेल्या दोन जिवांची तुलना होती. डावीकडे गंगेतला डॉल्फिन: जवळजवळ आंधळा, आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासे शोधणारा. उजवीकडे सातपुड्यातला रानपिंगळा: घुबडाच्या कुळातला, पण भर दिवसा शिकार करणारा. पान सोडण्याआधी मी ते रायसिंगदादांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते चोपड्याकडचे वनमजूर. रानपिंगळ्याची बरीच माहिती त्यांनीच दिली होती.

पाच मिनिटांत फोन आला.

"भाऊ, हाऊ ते गावना पिंगळा शे. डोकावर ठिपका पहा. रानवालाना डोकावर इतला ठिपका नहीत."

फोटो एजन्सीचा होता. मी त्याखालचं नाव वाचलं होतं, डोकं पाहिलं नव्हतं.

"फार बिघडेल का, दादा?"

त्यांनी सांगितलं. त्यांच्या पाड्यालगत एक वाळलेली सलई होती. तिच्या ढोलीपाशी त्यांना रानपिंगळा दोनदा दिसला होता. झाड सरपणासाठी पाडायचं ठरलं होतं. पेपरात येऊ द्या, मग दाखवतो, असं म्हणून त्यांनी लोकांना थांबवलं होतं.

"हाऊ फोटो दखाडा ते हासतीन. म्हनतीन, हाऊ ते रोज आमना निमवर बसस. मंग झाड कसाले ठेवानं?"

डॉल्फिनला ही अडचण नाही. त्याच्यासारखं दिसणारं दुसरं कोणी लोकांच्या दारात येऊन बसत नाही.

मी वृत्तसंपादक देसले सरांकडे गेलो.

"पिंगळाच आहे ना?"

"आहे, सर. पण दुसरा."

"आणि डॉल्फिन? तो तपासायला कोणाला तापीत उतरवलंय?"

"तो बरोबर आहे."

"वीस मिनिटं देतो. एकविसावं मागू नका."

रायसिंगदादांनी दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेला स्वतःचा फोटो पाठवला. धूसर होता, पण डोकं स्पष्ट दिसत होतं. डॉल्फिन लहान केला. दोन्ही पिंगळे शेजारी लावून डोक्यांकडे बाण दाखवले. धूसर फोटोखाली त्यांचं नाव टाकलं.

चूक छापली गेली, तर दैनिक दुसऱ्या दिवशी चार ओळींची दुरुस्ती देतं. छापण्याआधी कोणी ती पकडली, तर त्याचे आभार मानायला पानावर जागा ठरलेली नाही. म्हणून ते इथे मानतो.

तिसऱ्या दिवशी पान पाड्यावर पोचलं. लोकांनी फोटो पाहिले आणि सरपण दुसरीकडून आणलं. गेल्या आठवड्यात मी रायसिंगदादांना फोन केला. सलई उभी आहे. ढोलीत पिल्लं असल्याची खात्री अद्याप झालेली नाही.