वळणावरची घंटी

राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या कचेरीतही बदल्यांचे हुकूम निघाले. ग्वाल्हेर सुटण्याआधी एकदा धौलपूरहून आमच्या शहरातल्या बाड्याच्या चौकापर्यंत सायकल हाणायची, असं मी आणि माझा दोस्त वसंता, आम्ही ठरवलं. बक्षिसांवर जगणारे नामांकित शर्यतवाले याच रस्त्यानं धावत. त्यांचं बघून आम्हीही सायकली हलक्या केल्या. मडगार्ड काढले, घंट्यासुद्धा काढल्या. शर्यतीच्या दिवशी वळणावळणावर पोलीस असतात, हे दोघांनाही आठवलं नाही. कसली अक्कल!

चंबळकाठच्या मातीच्या घळींत एक अनोळखी माणूस सायकलवरून मागून आला. उंच, कानाला मफलर, आणि बोलण्याआधी क्षणभर डोळे मिटायची सवय.

"घंटी कहाँ है?"

"उतार दी," वसंता म्हणाला.

त्यानं डोळे मिटले. "यहाँ घंटी बजाके चलते हैं, भैया. चुपचाप आनेवाले को वो लोग मुखबिर समझते हैं."

'वो लोग' म्हणजे डाकू आणि मुखबिर म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, हे विचारावं लागलं नाही. 

मग तो आमच्या पुढं झाला. प्रत्येक वळणाआधी अंगठ्यानं सावकाश तीनदा घंटी वाजवी. एकदा स्वतःसाठी, दोनदा आमच्यासाठी. वर कड्यावर माती सरके, पुन्हा सगळं गप्प होई. वसंता रामरक्षा पुटपुटत होता.

मुरैन्याची घरं दिसताच तो थांबला, आमच्याकडचं पाणी प्यायला आणि आल्या वाटेनं एकटाच परत फिरला. आम्ही कान देऊन उभे राहिलो. पहिलं वळण आलं. तो दिसेनासा झाला.

घंटी वाजली नाही. एकट्याला त्याला तिची गरजच नव्हती.