आधी तहान

रंगीत पान समोर आलं की आक्का आधी ते उलटं करून पाहायच्या. कीड खालच्या बाजूला असते. मग कुंडीतल्या मातीत बोट खुपसायच्या आणि एवढं झाल्यावर रंगाकडे वळायच्या.

पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत त्या माझ्या समोर राहायच्या. नवरा कारखान्यात फिटर. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्या तोंडी मी 'बाई'. त्यांच्या अंगणात फुलझाड एकही नव्हतं. तेलाच्या डब्यांत क्रोटन, कोलियस, कॅलेडियम, नुसती पानंच पानं. देवासाठी फुलं मागायला आलेल्या बायका हात हलवत परत जायच्या.

"फूल दोन दिननं," आक्का म्हणायच्या. "पान रोज भेटस."

एकटं झाड मात्र त्या कधी ठेवत नसत. प्रत्येकाला सोबत हवी, आणि ती शोधताना आक्का लग्न जुळवणाऱ्या मामींसारख्या खोट काढत. तुम्ही-आम्ही काय करू? लालशेजारी पिवळं शोभतं म्हणून लावून मोकळे होऊ. मी तेच केलं. मरून कोलियसच्या कुंडीतच पिवळ्या काठांचं स्नेक प्लांट लावलं. कोलियस आपल्या उन्हाळ्यात दिवसातून दोन वेळा पाणी मागणारा, दुसऱ्याला क्वचित घोटभर पुरे. स्नेक प्लांट मुळाशी सडलं. आक्कांनी सडका भाग कापून टाकला आणि चांगला तुकडा आपल्याकडे नेऊन डब्यात लावला.

"बाई, रंग मंग देख. पहिले तहान देख."

फिटरकाका गेले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. मुलगा-सून सुरतेला. सुनेबरोबर आक्का सणासुदीपलीकडे कधी राहिल्या नव्हत्या, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. बाल्कनीत एकच कुंडी मावेल, असं मुलाने आधीच सांगून ठेवलेलं.

झाडं त्यांनी वसाहतीतच वाटली, तीही जोडीनं. शेजारीण नुसता क्रोटन मागायला लागली, तर आक्कांनी तिला सावलीतला कोलियसही घ्यायला लावला.

"क्रोटन उन्ह झेलस, तवय तेन्हा मांगे कोलियस जगस," असं म्हणून त्या काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

सुरतेला कुठलं झाड न्यायचं, हे ठरवायला त्यांनी माझ्यासमोरच सुनेला फोन लावला आणि ऊन कुठून येतं ते विचारलं. "बेटा, तुन्हा घर उन्ह कथाईन येस? पानी टाकाले येळ भेटस का?"

सून कापडाच्या दुकानात कामाला, सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. फोन ठेवून आक्कांनी मी सडवलेल्या झाडाचा तो तुकडा उचलला. त्याला आता नवं पान फुटलं होतं.

"आक्का, तुमचा जुना क्रोटन न्या ना."

"पोरगी दमीसन येस. हाई झाड काही मागत नही." पदराने डबा पुसत त्या म्हणाल्या, "मी बी आते काही मागाव नही."



दिवाळीनंतर सुरतेहून मोबाइलवर फोटो आला. त्या एका कुंडीच्या बाल्कनीत स्नेक प्लांटला खेटून नवी कुंडी, आणि तिच्यात लालभडक कोलियस. मी लगेच फोन केला. "आक्का, तहान कुठं जुळली हो?"

"सूननी आनं. माले इचारं बी नही." मग म्हणाल्या, "तीच पानी टाकस. सकायमा पहिले तेले पानी, मंग माले चहा."

फोन ठेवल्यावर मी फोटो मोठा करून पाहिला. कडेला एक हात दिसत होता, मनगटावर घड्याळ, कामावर निघालेल्या पोरीचा. त्या हाताने कोलियसचं एक पान उलटं धरलं होतं.