पंचविशीतले मकसूदभाई आणि आजची जिनत

बुधवार पेठेत मिक्सर दुरुस्त करणारे मकसूदभाई तरुणपणी बॉक्सिंगमध्ये पुण्याचे हेवीवेट चॅम्पियन होते. ऐन भरातला अली आणि ऐन भरातला टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, यावर दुकानात रोज वाद रंगे. मकसूदभाई कायम जुन्याचीच बाजू घेत.

परवा त्यांची मुलगी जिनत राज्य स्पर्धेतलं सुवर्णपदक घेऊन थेट दुकानात आली. शेजारच्या पोपटरावांनी डिवचलं, "काय हो, पंचविशीतले तुम्ही आणि आजची जिनत, कोण जिंकेल?"

"तिसऱ्या फेरीत मी आडवा," मकसूदभाई ताठ मानेने म्हणाले. "दमलो की मी हात खाली सोडायचो. ही सोडत नाही. मीच शिकवलंय."

"दुसऱ्याच फेरीत, अब्बा," जिनत म्हणाली.

मकसूदभाई इतक्या मोठ्याने हसले की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. मग त्यांनी प्रत्येकाला पदक दाखवलं.