राघवन बोलायचा, मी सांगायचो

राघवन गेल्यावर बाजारातल्या लोकांनी त्याच्या खानावळीपुढे खुर्च्या मांडून शोकसभा घेतली. जो उठेल तो माझ्याकडे हात करून म्हणे, "दोस्ती असावी तर राघवनशेठ आणि गजाभाऊंसारखी." मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हातारा हळवा झालाय. हळवा, डोंबल माझं! मला तिथून पळून जायचं होतं. त्यानंतर उरण सोडून पनवेलजवळ करंजाड्याला मुलाच्या घरी राहायला आलो, त्याला पाच आठवडे झाले, अजून ताटातलं अर्धं तसंच राहतं. सूनबाई म्हणते, "बाबा, टेन्शन नका घेऊ, वय झालं होतं त्यांचं." वय झालं होतं, खरंय. पण मला लागलेली टोचणी वेगळीच आहे.

साठच्या दशकातलं आमचं उरण म्हणजे मिठागरं, मासळी आणि मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला सुटणारी लाँच. मी मिठागरात पाट्या उचलायचो. राघवन केरळातून मामाच्या चहाच्या दुकानात कामाला आलेला, विशीतला, मराठीचा एक शब्द न येणारा. मोडक्या हिंदीवर आमची गट्टी जमली. एका हिवाळ्यात गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागला. पिक्चरची पेटी मुंबईहून लाँचनं यायची, आणि एकदा ती पेटीच बदलली. पडद्यावर नारळाची झाडं, होड्या, आणि भाषा अशी की कोणाला ओ की ठो कळेना. लोक शिट्ट्या मारायला लागले. राघवन मात्र उठून नाचायलाच लागला, "अरे, ये तो हमारा मलयालम पिक्चर!" त्याच्या गावी म्हणे लोकांनी तो चार-चारदा पाहिला होता. तंबूच्या मालकानं त्याला धरून भोंग्याच्या माइकपाशी बसवलं आणि म्हणाला, "सांग लोकांना काय चाललंय ते, नायतर तंबू फाडतील माझा." राघवननं माझा हात घट्ट पकडला आणि मलाही शेजारी ओढलं.

पिक्चर दोन दोस्तांचा होता. मारामाऱ्या, हसवाहसवी, आणि त्यातल्या एकाचं एका पोरीवर प्रेम. राघवन माझ्या कानात हिंदीतून कुजबुजायचा आणि मी आमच्या बोलीत भोंग्यावर ठोकून द्यायचो. मिशीवाला खलनायक आला की मी त्याला आमच्या मुकादमाचा आवाज द्यायचो, "अरं कोन हाय रं तिकडं? आगरात पानी कोनी सोडलं?" तंबू हसून लोळायचा. पडद्यावर तो बिचारा कदाचित आईच्या आजारपणाबद्दल बोलत असेल! राघवन कोपर मारून म्हणायचा, "गजा, उसने ऐसा नहीं बोला." मी म्हणायचो, "लोक हसले ना? मग गप बस." मालकानं ती पेटी आठ दिवस परत पाठवलीच नाही. जासईहून बैलगाड्या भरून माणसं यायची. आठ दिवस रस्त्यानं जाताना लोक मला हाक मारून थांबवत होते. त्याआधी मला कोणी विचारत नव्हतं आणि नंतरही नाही.

त्याच आठ दिवसांत राघवनला यमुना दिसली. कोळीवाड्यातली, आईबरोबर बाजारात मासळी विकायला बसणारी. तिला हिंदी येत नव्हती, याला मराठी. मग काय, भोंगा होताच! रोज सकाळी तो मला घेऊन तिच्या पाटीपुढे उभा राहायचा. तो बोलायचा, मी सांगायचो. ती हसून मला म्हणायची, "तुझ्या दोस्ताला सांग, बांगडा ताजा हाय, वास काय घेतंय?" मी ते त्याला सांगायचो. दोघं एकमेकांकडे बघत बसायचे आणि मी मध्ये. पाच-सहा महिने हे चाललं. मग एक दिवस त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, यमुनाला सांग, मंगळवारी सकाळच्या लाँचला मोऱ्यावर ये. मुंबईत माझी बहीण आहे, तिच्या घरी लग्न करू, तिथंच राहू.

यमुना वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. मी तिच्याकडे न बघता, त्या बोंबलांकडे बघत बोललो, "राघवन गावाला चाललाय. तिकडं त्याचं लगीन ठरलंय. त्याला लाज वाटते, म्हनून मला पाठवलं." ती थांबली. "त्यानं सोता सांगितलं?" मी म्हणालो, "हो." तिनं उरलेले बोंबील एकेक करून टांगले... सगळे टांगले, आणि पाटी उचलून घरात गेली.

मी असं का केलं? कित्येक वर्षं मनाला सांगत आलो, गावाच्या भीतीनं. परक्या माणसाबरोबर पोरगी पळवून लावली म्हणून माझ्या घराला वाळीत टाकलं असतं. भीती होती, खोटं नाही. पण खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. राघवन मुंबईला गेला असता, तर मी पुन्हा एकटा पाट्या उचलणारा गजा उरलो असतो. मला माझा दोस्त हवा होता. बस्स, एवढंच.

मंगळवारी राघवन मोऱ्याहून परत आला तो थेट माझ्या घरी. मी म्हणालो, "ती नाही म्हणाली. तिला घरचं सोडवत नाही." त्यानं एकही उलट प्रश्न केला नाही. माझ्या बोलण्यावर त्याचा एवढा विश्वास होता! यमुना त्यानंतर बाजारात बसायला आलीच नाही, दोन महिन्यांत लग्न होऊन ती जासईला गेली. राघवन उरणलाच राहिला, मराठी शिकला, खानावळ काढली, लग्न केलं नाही. रोज संध्याकाळी मी त्याच्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचो. साठ वर्षं बसलो. मला जे हवं होतं ते मिळालं.

शेवटी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि मराठी, हिंदी सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, पण बोलणं फक्त मलयालममधून येतंय. मी त्याच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं, बोंबलांपासून मोऱ्यापर्यंत. तो छताकडे बघत होता. मग बोलायला लागला. खूप वेळ बोलला, थांबत, धापा टाकत... त्यात तिचं नाव दोनदा आलं, माझं एकदा. बाकी मला काही कळलं नाही. खोलीत केरळची एक तरुण नर्स होती. मी विचारलं, "काय म्हणाला?" ती सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाली, "अंकल बोलले, झालं ते झालं, काळजी नका करू." मी म्हणालो, "एवढंच?" "हो, एवढंच." पोरगी भली आहे. पण असं दुसरीकडे बघत दिलेलं उत्तर मी ओळखतो. तिसऱ्या दिवशी तो गेला.

खानावळ आता त्याचा भाचा चालवतो. माझं स्टूल त्यानं हलवलेलं नाही, पण मला त्यावर बसवत नाही. यमुना जासईला आहे. या पाच आठवड्यांत दोनदा बसनं गेलो. अंगणात चहा प्यायलो, गुडघेदुखीवर बोललो आणि तसाच परत आलो. म्हणून हे लिहितोय. नाव मी बदललंय, पण ती ओळखेल. तिला वाचता येत नाही. रविवारची पुरवणी तिची नात तिला वाचून दाखवते, हे तिनंच मला कौतुकानं सांगितलं. पोरी, आजीला त्रास होईल म्हणून तू इथे काही गाळशील, थोडं गोड करून सांगशील. तसं करू नकोस. तो त्या मंगळवारी मोऱ्यावर आला होता, लाँच दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर उभा होता. तेवढं तिला जसंच्या तसं वाच.